फ्रेझर नदीत एवढे सॅमन येऊनही मासेमारी बंद का?

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, फ्रेझर नदीकाठच्या ॲबट्सफर्डमध्ये राहणाऱ्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "दरवर्षी लायसन्स काढतो. पण मुलांना सुट्टी लागते त्याच दिवसांत फ्रेझरवर सॅमनला बंदी असते. बातम्यांत मात्र २०२५ मध्ये सॉकाय जातीचे सॅमन कोटीच्या घरात आल्याचं वाचलं. नदीवर फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, लोकांची जाळी लागलेली दिसतात. मग बंदी काय ती आम्हा गळवाल्यांनाच का? सॅमन खरंच संपत चाललाय, की हा सरकारी घोळ आहे? आपल्याकडे कोकणात पावसाळी बंदीची तारीख ठरलेली असते. इथे ऐनवेळी नोटीस येते आणि शनिवारचा बेत मोडतो. अशा बंदीने मासे वाढतात तरी का?"

मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले आणि कॅनडात आल्यापासूनची बहुतेक नोकरी याच नदीवर केली. आधी विणीच्या ओढ्यांवर मेलेले मासे मोजायचे, मग खवल्यांवरून त्यांचं वय वाचायचं, आणि पुढे हंगामातल्या रोजच्या आकड्यांचा ताळा लावायचा, असं ते काम होतं. त्या अनुभवावरून लिहिते. निर्णय घेणाऱ्यांची वकिली करण्याचा हेतू नाही. काही निर्णय मला अजिबात पटलेले नाहीत, त्याबद्दल पुढे सांगते.

तुमचा मूळ प्रश्न मी असा वाचते: मासे भरपूर असतानाही बंदी असेल, तर ती माशांसाठी आहे की आणखी कशासाठी? बंदी माशांसाठीच आहे. पण ज्या माशांसाठी आहे ते बातमीतले मासे नव्हेत.

फ्रेझरमध्ये सॉकाय, चिनूक, कोहो, चम आणि पिंक अशा पाच जातींचे सॅमन चढतात. शिवाय त्यांच्या जवळच्या नात्यातला स्टीलहेड. पण नुसत्या जातीवरून हिशेब लागत नाही. सॅमन ज्या पाण्यात जन्मतो तिथेच विणीला परततो, आणि स्टीलहेड सोडला तर वीण झाली की मरतो. त्यामुळे चिल्को तळ्याचे सॉकाय, पार उत्तरेकडे स्टुअर्ट खोऱ्यात जाणारे सॉकाय आणि तुमच्या शेजारच्या कल्टस तळ्याचे सॉकाय दिसायला सारखे असले, तरी त्यांची कुळं वेगळी. प्रत्येकाची निघायची वेळ वेगळी, पल्ला वेगळा, किती गरम पाणी सोसेल तेही वेगळं. एक कूळ संपलं म्हणून शेजारचं कूळ येऊन तो ओढा भरून काढत नाही. कधी काढलाच तर त्याला माणसाच्या कित्येक पिढ्या लागतात.

ही सगळी कुळं नदीच्या खालच्या टप्प्यातल्या मिशन गावच्या पुलाखालून मात्र एकत्र जातात. दिवे घाटात उभं राहून वारी पाहिली असेल तर हे लगेच कळेल. वरून एकच अथांग गर्दी दिसते, पण ती शेकडो दिंड्यांची असते, आणि त्यातली एखादी दिंडी जेमतेम पंधरा माणसांची असते. त्या वाटेवरून डोळे मिटून दर दहातला एक माणूस उचलला, तर मोठ्या दिंडीला जाणवणारही नाही. लहान दिंडी मात्र तीन-चार वर्षांत मोडेल. जाळं असो वा गळ, नदीतून मासा असाच डोळे मिटून उचलला जातो.

कोटीचा आकडा ही सगळ्या कुळांची बेरीज असते. बेरीज मोठी दिसली म्हणून त्यातली प्रत्येक संख्या मोठी असते असं नाही. धोक्यातल्या प्रजातींचं मूल्यमापन करणाऱ्या कोसेविक या कॅनडातल्या शास्त्रीय समितीने २०१७ मध्ये फ्रेझरच्या सॉकायची २४ कुळं तपासली. त्यातली ८ नष्ट होण्याच्या मार्गावर निघाली, २ धोक्यात, ५ काळजी करण्यासारखी, आणि ९ कुळांना धोका नव्हता. म्हणजे एकाच नदीत, एकाच जातीत, तब्येतीने उत्तम आणि शेवटचे श्वास मोजणारे मासे एकमेकांना खेटून पोहतात.

तुमचा 'मुलांच्या सुट्टीचा' मुद्दा प्रामुख्याने चिनूकशी जोडलेला आहे. वसंत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला चढणारे चिनूक आमच्या कागदांवर दोन आकड्यांनी ओळखले जातात. पहिला आकडा परतताना मासा किती वर्षांचा असतो त्याचा, दुसरा तो आयुष्याच्या कितव्या वर्षी समुद्राकडे निघाला त्याचा. चार-दोन गटातले मासे फ्रेझरला मिळणाऱ्या थॉम्प्सन नदीच्या निकोला, बोनापार्ट अशा लहान, कोरड्या मुलखातल्या उपनद्यांमध्ये जातात. पाच-दोन गटातले त्याहून वर, चिलकोटिन आणि फ्रेझरच्या उगमाकडे. पिल्लं पूर्ण वर्षभर नदीतच राहतात, त्यामुळे नदीत पाणी कमी पडलं, तापलं, गढूळ झालं की पहिला फटका त्यांना. या गटांची अवस्था वाईट आहे, आणि २०१९ पासून त्यांच्यासाठीच फ्रेझरवरचे निर्बंध कडक झाले. याउलट साउथ थॉम्प्सनचे चार-एक गटाचे चिनूक पहिल्याच वर्षी समुद्र गाठतात. ते बऱ्यापैकी टिकून आहेत आणि प्रामुख्याने ऑगस्टपासून पुढे चढतात. म्हणून नदी उघडलीच तर उन्हाळा उतरताना उघडते. शाळेच्या सुट्टीशी गाठ पडते ती दुर्दैवाने दुबळ्या कुळांची.

शरद ऋतूतही तीच कथा, फक्त मासा वेगळा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चम सॅमनच्या मोठ्या चढणीत थॉम्प्सन आणि चिलकोटिनचे स्टीलहेड मिसळलेले असतात. त्यांची संख्या आता शेकड्यांत मोजावी लागते. २०१८ मध्ये कोसेविकने तातडीचं मूल्यमापन करून ते नष्ट होण्याच्या मार्गावर असल्याचं जाहीर केलं.

आता नोटीस ऐनवेळी का येते ते सांगते, कारण माझं स्वतःचं काम त्याच टप्प्यावरचं होतं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तिचा हिशेब पंचांगासारखा स्थिर आहे. पावसाळा येणार हे नक्की, समुद्र खवळणार हे नक्की, बऱ्याच जातींची वीण त्या सुमारास हेही माहीत. शिवाय समुद्रात एकाच जातीचे वेगवेगळ्या वयाचे मासे असतात आणि कित्येक जाती आयुष्यात अनेकदा वितात. फ्रेझरच्या सॉकायचं तसं नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू साधारण वर्षभर तळ्यात राहतं, मग समुद्रात जातं, आणि बहुतेक वेळा चौथ्या वर्षी, आयुष्यात एकदाच, विणीसाठी परततं. एका मादीच्या पोटात तीन-साडेतीन हजार अंडी असतात. त्यातून दोन मासे परत आले तरी बरोबरी. वाटेत समुद्राने काय केलं हे मासा किनाऱ्याजवळ येईपर्यंत कुणालाच दिसत नाही. हंगामापूर्वीचा अंदाज आईबापांच्या संख्येवरून बांधलेला असतो आणि तो सपशेल चुकू शकतो. २००९ मध्ये एक कोटीहून अधिक सॉकाय अपेक्षित होते, आले सुमारे १५ लाख. लगेच पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, जवळपास ३ कोटी आले. २०२० मध्ये आवक सुमारे ३ लाखांवर घसरली. २०२५ चा अंदाज तीस लाखांच्या आतबाहेरचा होता, आणि आलेली आवक तुम्ही वाचलीच आहे.

म्हणून हंगामात रोज मोजावं लागतं. व्हँकूव्हर बेटाला वळसा घालून मासे दक्षिणेच्या हुआन दे फुका सामुद्रधुनीने येतात किंवा उत्तरेच्या जॉन्स्टन सामुद्रधुनीने. कुठून किती, हे दरवर्षी बदलतं. दोन्हीकडे ठरलेल्या नौका ठरलेल्या पद्धतीने चाचणीची मासेमारी करतात. सापडलेल्या माशांचे खवले आणि कातडीचा तुकडा घेऊन डीएनएवरून कूळ ठरतं. पुढे मिशनला नदीत ध्वनिलहरींनी मासे मोजले जातात, आणि त्याहून वर क्वालार्कला पुन्हा. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या १९८५ च्या पॅसिफिक सॅमन करारानुसार नेमलेलं फ्रेझर रिव्हर पॅनेल हंगामात साधारणपणे मंगळवारी आणि शुक्रवारी बसतं, हे आकडे समोर घेतं, आणि कुठल्या गटाची आवक किती धरायची ते ठरवतं. सॉकायच्या आवकेचे आकडे तिथून ठरतात, आणि मत्स्य व महासागर विभाग, म्हणजे डीएफओ, आपल्या सूचना त्यानंतर काढतो. तुमची शुक्रवारची नोटीस अशी जन्माला येते.

यात एक गोष्ट बाहेरच्यांना फारशी माहीत नसते. मिशनला मोजलेला मासा विणीपर्यंत पोहोचेलच असं धरून चालत नाही. पाणी १८ अंशांच्या वर गेलं की सॉकायचा दम तुटू लागतो. २० च्या वर तर अनेक कुळांतले मासे वाटेतच मरतात. प्रवाह फार जोरात असेल तरी तेच. म्हणून त्या वर्षीचं तापमान आणि पाण्याचा जोर पाहून वाटेत किती मरतील याचा अंदाज काढतात आणि तेवढे मासे आधीच बाजूला ठेवतात. कडक उन्हाळ्यात ही वजावट इतकी मोठी होते की मिशनला भरपूर दिसणाऱ्या गटातूनही पकडण्यासाठी शिल्लक काहीच उरत नाही. नदीकाठी उभ्या माणसाला उड्या मारणारे मासे दिसतात आणि हातात बंदीची नोटीस असते. त्याचा विश्वास उडणं मी समजू शकते. ही वजावट कशी काढली हे लोकांना साध्या भाषेत सांगण्यात आमचं खातं कायम कमी पडलं आहे असं माझं मत आहे.

फर्स्ट नेशन्सच्या जाळ्यांबद्दल. इथे मी स्पष्ट बोलणार आहे, कारण आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर याविषयी फार चुकीचं फिरतं. १९८४ मध्ये मस्क्वीम समाजाच्या रोनाल्ड स्पॅरो यांना फ्रेझरच्या मुखाजवळ पकडलं. परवाना २५ फॅदम लांबीच्या जाळ्याचा होता, त्यांचं जाळं ४५ फॅदमचं होतं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८२ च्या राज्यघटनेतलं ३५ वं कलम मूळ रहिवाशांचे हक्क मान्य करतं, आणि त्याच्या आधारे १९९० मध्ये न्यायालयाने क्रम घालून दिला: सगळ्यात आधी माशांचं जतन, जतनापुरते मासे सोडून काही उरलं तर पहिला हक्क मूळ रहिवाशांचा, अन्नासाठी आणि सामाजिक व धार्मिक कार्यासाठी, त्यानंतर व्यापारी आणि हौशी मासेमारी. म्हणजे ती सवलत नाही, घटनात्मक हक्क आहे, आणि तोही जतनानंतरच येतो.

तुम्ही जाळी नेमकी कुठल्या दिवशी आणि कुठल्या पट्ट्यात पाहिली यावर बरंच अवलंबून आहे. बहुतेकदा ठरावीक तासांची परवानगी असते, आणि हंगामाच्या सुरुवातीला येणारे स्टुअर्टचे सॉकाय चढत असतात त्या आठवड्यांत त्यांच्याही जाळ्यांवर बंधनं येतात. चोरटी जाळीही नदीत सापडतात, ते नाकारत नाही. पण या हक्काची दुसरी बाजू कुणी पाहत नाही. स्टुअर्ट खोऱ्यातल्या, म्हणजे चढणीच्या पार शेवटच्या टोकाच्या समाजांनी आपल्या सॉकायसाठी अनेक वर्षं स्वतःहून जाळी आवरली आहेत. ज्या माणसांच्या घरात हिवाळ्याची बेगमी म्हणजे वाळवलेला सॅमन, त्यांनी मुलांना तो दुकानातून आणून खायला घालायचा, हे काय असतं ते आपण कोकणातल्या माणसांनी तरी समजून घ्यायला हवं. तुमची-माझी मासेमारी आनंदाची आहे. ती बुडाल्याचं दुःख खरं आहे, पण त्यांच्या दुःखाच्या पासंगालाही ते पुरत नाही.

तुमच्या बाजूने जाणारी एक गोष्टही सांगते. डीएफओच्या १९९९ च्या वाटप धोरणात चिनूक आणि कोहो यांच्या बाबतीत हौशी मासेमारीला व्यापारी मासेमारीच्या आधी स्थान आहे. सॉकाय, पिंक आणि चम यांच्यात व्यापाऱ्यांना आधी. त्यामुळे सॉकाय येऊनही व्यापारी नौका चालू आणि गळ बंद असं दृश्य दिसू शकतं. तो घोळ नाही, धोरण आहे. ते बदलावं असं वाटत असेल तर त्यासाठी सल्लागार समित्यांची दारं उघडी आहेत, आणि तिथे आपल्या समाजातली माणसं जवळजवळ दिसत नाहीत.

मग सॅमन संपत चाललाय का? काही कुळं, हो. का, याचं उत्तर एका शब्दात देणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवू नका. २००९ च्या आपत्तीनंतर न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा आयोग बसला. २०१२ मध्ये त्यांनी तीन खंडांचा अहवाल आणि ७५ शिफारशी दिल्या, आणि एकच एक गुन्हेगार सापडत नाही असंच त्यांनीही म्हटलं.

मला दिसलेलं मी सांगते. फ्रेझरच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही, आणि ही या नदीची सगळ्यात मोठी पुण्याई. पण तिची दरी अरुंद आहे. १९१३-१४ मध्ये रेल्वेचा मार्ग खोदताना हेल्स गेटला दगड नदीत ढकलले गेले, मग कडा कोसळला, आणि वरच्या खोऱ्यातल्या कुळांची वाट अडली. माशांना चढायला पायऱ्या बांधल्या गेल्या त्या १९४० च्या दशकात. २०१८ च्या अखेरीला बिग बारला डोंगर कोसळून पाच मीटरचा धबधबा तयार झाला. निर्जन जागा, त्यामुळे तो लक्षात आला २०१९ च्या जूनमध्ये, चढण सुरू झाल्यावर. हेलिकॉप्टरने मासे उचलून पलीकडे नेले, तरी त्या वर्षी स्टुअर्टचे सुरुवातीचे सॉकाय जवळजवळ सगळे गेले. २०२४ च्या जुलैअखेर चिलकोटिन नदी दरडीने अडली, काही दिवसांनी फुटली, आणि गढूळ पाण्याचा लोंढा ऐन चढणीत फ्रेझरमध्ये आला. तेव्हा सॉकायची मासेमारी बंद झाली. ती बंदी कुणी जास्त मासे पकडल्यामुळे नव्हती.

समुद्र बदललाय. २०१४ ते २०१६ च्या उष्ण पाण्याच्या काळात पिल्लांचं खाद्यच बदललं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हंगामात उशिरा येणाऱ्या गटातले सॉकाय विचित्र वागू लागलेत: पूर्वी ते नदीच्या मुखाबाहेर काही आठवडे थांबून, पाणी निवल्यावर चढायचे, आता कित्येकदा थेट गरम पाण्यात घुसतात आणि विण्याआधी मरतात. किनाऱ्यालगतच्या पिंजऱ्यांतल्या मत्स्यशेतीतून येणाऱ्या उवा आणि रोगांवर वाद अजून चालू आहे. केंद्र सरकारने ब्रिटिश कोलंबियातली अशी उघड्या जाळ्यांची शेती २०२९ च्या जूनपर्यंत बंद करण्याचं जाहीर केलं आहे. कोहोच्या मृत्यूचं एक कारण तर आपल्या गाड्यांखालीच सापडलं. टायर तडकू नये म्हणून त्यात घालतात त्या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन तयार होणारं ६पीपीडी-क्विनोन पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जातं आणि कोहोला काही तासांत मारतं. हे २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. रस्त्याचं पाणी ओढ्यात सोडण्याआधी माती आणि कंपोस्टच्या थरातून गाळलं तर मासे वाचतात, हेही दिसलं आहे. नगरपालिकेच्या बैठकीत मागण्यासारखी गोष्ट आहे ही.

आणि तुम्ही ॲबट्सफर्डला राहता म्हणून मुद्दाम सांगते. तुमच्या गावाच्या पूर्वेला, हायवेच्या दोन्ही बाजूंना जी सपाट काळीभोर शेतजमीन दिसते, तिथे शंभर वर्षांपूर्वी सुमास तळं होतं. वसंतात बर्फ वितळलं की दूरवर पसरणारं, उथळ, खाद्याने भरलेलं. समुद्राकडे निघालेली सॅमनची पिल्लं अशा पाण्यात थांबून अंग धरतात; मोठं होऊन गेलेलं पिल्लू समुद्रात जगण्याची शक्यता जास्त. तळ्याच्या काठी सेमाथ समाज राहत होता, त्याचं सगळं जगणं त्या पाण्यावर होतं. १९२० च्या दशकात ते तळं पंपांनी उपसून शेती केली. २०२१ च्या नोव्हेंबरमधल्या अतिवृष्टीत पाणी पुन्हा त्याच जागी जमलं, ते तुम्ही पाहिलं असेल. खालच्या फ्रेझरच्या खोऱ्यात पूरमैदानातल्या अशा जागांपैकी सुमारे ८५ टक्के जागा सॅमनला आता बंद झाल्यात, कारण बांध, झडपा आणि पंप. नदीवरची बंदी दिसते, नोटीस येते, राग येतो. ओढ्याच्या तोंडावरची बंद झडप कुणाला दिसत नाही, आणि ती शंभर वर्षं बंदच आहे.

यातून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते: बंदीने मासे वाढतात का? माझं प्रामाणिक उत्तर असं की बंदी कुळाला संपू देत नाही, पण नुसत्या बंदीने ते भरतही नाही. १९९० च्या दशकात फ्रेझरच्या आतल्या खोऱ्यातले कोहो कोसळले तेव्हा १९९८ मध्ये फार कडक बंदी आली. त्यानंतर कोहो सावरले, काही वर्षं बरी गेली, पण जुन्या संख्येच्या जवळपासही पोहोचले नाहीत. थॉम्प्सनच्या स्टीलहेडवर गळ टाकणं बंद झालं, तरी घसरण थांबली नाही. मात्र बंदी नसती तर सावरायला कूळच उरलं नसतं, हेही तितकंच खरं. तापमान, समुद्र, दरडी यांपैकी काहीही आठवड्याभरात बदलता येत नाही. पकडणं तेवढं बदलता येतं. म्हणून प्रत्येक वेळी हात तिथेच जातो.

माझा राग बंदीवर नाही, बंदी करून थांबण्यावर आहे. कल्टसच्या सॉकायला धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याचं संरक्षण देण्याचं केंद्र सरकारने २००५ मध्ये नाकारलं, २०१९ मध्ये स्टीलहेडलाही नाकारलं, आणि दोन्ही वेळा मासेमारीचं आर्थिक नुकसान हा विचार मोठा ठरला. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. गळवाल्याला घरी बसवणं सोपं आहे. झडपा बदलणं, रस्त्याचं पाणी गाळणं, होप ते मिशन पट्ट्यातली बेटं बांधकामापासून वाचवणं अवघड आहे, आणि त्याला पैसे लागतात. तुम्ही बंदीविरुद्ध पत्र लिहिणार असाल तर त्यात या गोष्टी मागा.

मुलांना मासेमारी शिकवायची का? जरूर शिकवा, फक्त फ्रेझरच्या उन्हाळी चिनूकपासून सुरुवात करू नका. चिलिवॅक-वेडर नदीवर हॅचरी, म्हणजे पिल्लं वाढवून नदीत सोडण्याचं केंद्र, आहे. शरदात तिथे हॅचरीचे कोहो येतात, पाठीवरचा शेवटचा लहान पर कापलेला असतो त्यावरून ओळखू येतात, आणि फ्रेझर बंद असतानाही ती नदी बऱ्याचदा उघडी असते. पिंक विषम वर्षी फ्रेझरमध्ये चढतात, म्हणजे आता २०२७. लहान हातांना तो मासा झेपतो, आणि आवक चांगली असली तर परवानगीही मिळते. मिशनच्या रेल्वे पुलाच्या खाली भरतीचं पाणी धरतात, तिथे केंद्राचं लायसन्स लागतं. वर गोडं पाणी, तिथे प्रांताचं. लायसन्स म्हणजे नदी उघडी असल्याची हमी नव्हे, म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी डीएफओची सूचना पुन्हा वाचा.

नदी चिनूकसाठी उघडी आणि सॉकायसाठी बंद असेल तेव्हा बॉटम बाउन्सिंग करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. लांब दोरी तळाशी वाहवत नेली की ती सॉकायच्या उघड्या तोंडातून सरकते आणि गळ बाहेरून रुततो. माशाने काही खाल्लेलं नसतं. सोडून दिला तरी गरम पाण्यात दमलेला तो मासा वर पोहोचेलच असं नाही. किनाऱ्यावर कांडी रोवून, आमिष एका जागी धरून बसायची बार फिशिंगची पद्धत वापरा. सॉकाय तिला फारसा लागत नाही.

आणि एका ऑक्टोबरात मुलांना वीण दाखवायला न्या. हॅरिसनजवळ वीव्हर क्रीकला १९६५ पासूनचा विणीचा कालवा आहे, तुमच्यापासून फार लांब नाही. वेळ असेल तर ॲडम्स नदी गाठा. तिथली मोठी चढण चार वर्षांतून एकदा येते; २०२२ मध्ये आली होती, म्हणजे पुढची २०२६. काठावरून लाल मासे अगदी हाताच्या अंतरावर दिसतात. फक्त मुलांना आणि कुत्र्याला पाण्यात उतरू देऊ नका. मादी शेपटीने खडी उकरून अंडी पुरते. वरून ती जागा थोडी उजळ, नुकतीच हलवल्यासारखी दिसते, आणि तिच्यावर एक पाऊल पडलं तरी खालची अंडी चिरडतात.